दोन्ही बाजूंनी रंगवलेली फळी

मिलादाबाई आठवल्या की आधी ऐकू येतो तो पडदा ओढल्याचा आवाज. पट्टीवरून कड्या सरकताना होणारा कोरडा, करकरीत आवाज, आणि पाठोपाठ खोलीत उतरणारी ती करडी सावली, जिच्यात त्यांचे पांढरे केस, नाकाचं उंच हाड आणि मांडीवर पालथे पडलेले दोन थकलेले हात एवढंच काय ते उजळ राही. बाहेर आखातातल्या या शहरात सिलिकॉन ओएसिस वस्तीचे मनोरे दुपारच्या उन्हात भाजत असायचे आणि काचांवरून उजेड असा उसळायचा, की नजर टेकवायला कुठे जागा म्हणून नाही. "इथला उजेड सगळं एकदम सांगून टाकतो," त्या म्हणायच्या. "चित्रकाराला मग काय उरतं?" एवढं बोलून त्या डोळे मिटून घेत आणि एसीची घरघर ऐकत बसत.

मी त्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. अल कुसैसच्या एका भारतीय शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि पुढे वळणावळणाची नदी या चित्रापासून मुलांना परावृत्त करण्याचा वर्षानुवर्षं असफल प्रयत्न करते. वाळवंटात जन्मलेली ही मुलं नदी आणतात कुठून, देव जाणे. "टीचर, बट इट लुक्स नाइस," म्हणतात आणि हात धुवायला पळतात. अशाच एका दिवसाच्या शेवटी घरी येताना मिलादाबाईंची लेक इरेना मला लिफ्टमध्ये भेटली. ती इथल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. प्रागमध्ये आई बर्फावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तिला इकडे घेऊन आलेली. माझ्या हातातल्या चित्रांच्या गुंडाळ्या बघून तिनं विचारलं, की दुपारची थोडा वेळ माझ्या आईजवळ बसशील का, तीही चित्रकार आहे. मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं होतं, असेल कुणी हौशी बाई, फुलदाण्या-बिलदाण्या काढणारी.

पुढे इरेनानंच एक जाडजूड पुस्तक दाखवलं. त्यात मिलादाबाईंवर स्वतंत्र प्रकरण होतं. त्यांच्या देशातल्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास ज्यांच्यावाचून अपुरा राहील अशा मोजक्या चित्रकारांत त्यांची गणना होती, आणि मी गेले कितीतरी दिवस त्यांना रंगीत पेन्सिलींना टोक कसं काढावं ते सांगत होते. जीभ चावायची वेळ आली. बाई मात्र हसल्या आणि म्हणाल्या, "टोक तू चांगलं काढतेस, ते खोटं नाही."

मोराव्हिया नावाच्या प्रांतातल्या एका साखर कारखान्याच्या गावात त्या वाढल्या. आपल्याकडे साखर म्हटलं की ऊस, माणसाच्या डोक्यावर उंच गेलेला, वाऱ्यावर सळसळणारा. त्यांच्याकडे साखर जमिनीच्या पोटात, बीटच्या कंदांत वाढायची आणि शरदाच्या अखेरीस, धुकं गुडघ्यापर्यंत उतरलं की बायका चिखलातून ती उपटून काढायच्या. कंद उपटायचा, दुसऱ्या हातातल्या कोयत्यानं पाला छाटायचा, ढिगावर टाकायचा. मिलादाबाईंची आई या बायकांतली. तिच्या बोटांच्या भेगांत काळी माती कायमची बसलेली होती, आणि त्याच हातांनी ती लेकीची वेणी घालायची तेव्हा केसांना मातीचा वास लागायचा. हे सांगताना मिलादाबाई आपलेच केस नकळत चाचपून बघत. बाईंचं तोंड मुळात अबोल. पण आईविषयी बोलताना शब्दांमधल्या जागाही भरून आल्यासारख्या वाटायच्या.

प्रागला जाऊन त्या चित्रकला शिकल्या, आणि शिकल्या त्या नेमक्या अशा काळात, की माणूस, झाड, घर यांच्यापलीकडे नुसत्या रेषेला आणि नुसत्या रंगालाही बोलता येतं हे ज्यांना कळलं होतं त्यांनाच गप्प बसवलं जात होतं. कम्युनिस्ट सरकारच्या मुठीतल्या चित्रकारांच्या संघटनेला हवी होती राबणारी, आनंदी माणसं. जो ती काढील त्याला रंग मिळत, हार्डबोर्डच्या फळ्या मिळत, भिंत मिळे. जो काढणार नाही त्यानं बसावं लोणच्याच्या बरण्यांवरची लेबलं रंगवत. मिलादाबाईंनी दोन्ही केलं. दिवसा मोहरीच्या आणि मुरंब्याच्या डब्यांवरची चित्रं, वर्षातून एखादं संघटनेसाठी शेतात राबणाऱ्या माणसांचं चित्र, आणि उरलेल्या वेळात त्याच फळीच्या मागच्या, खडबडीत जाळी असलेल्या बाजूवर आपल्या मनातलं. करड्या रंगाचे एकावर एक कललेले चौकोन आणि त्यांच्या सांदीत अडकलेला, चिमणीच्या चोचीएवढा लाल ठिपका. ती बाजू भिंतीकडे असे. समोरून बघणाऱ्याला शेत दिसे आणि शेताच्या पाठीशी, बोटभर अंधारात, ते चौकोन एकमेकांना टेकून उभे असत.

पुढे राज्य बदललं. दिवस पालटले तशा फळ्याही पालटल्या. अभ्यासक आले, गॅलरीवाले आले, त्यांनी सगळ्या फळ्या फिरवल्या आणि करड्या चौकोनांकडे बघून हळहळले. छळ सोसून सत्य लपवून ठेवणारी शूर बाई म्हणून त्यांचं नाव झालं. शेतातली माणसं आता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि ती कुणी काढली होती हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटेना. मीही पुस्तकातलं ते वाचून भारावले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे शिणलेल्या नजरेनं पाहिलं.

"अगं, फळ्या मिळत नव्हत्या," त्या म्हणाल्या. "एका फळीला दोन बाजू असतात. दोन्ही वापरल्या. दोन्ही माझ्याच."

त्या दमल्या होत्या. हा दमणं नावाचा ऋतू त्यांच्यात इतका मुरला होता, की त्यांचं बसणं, कप उचलणं, जिन्याकडे नुसतं बघणं, सगळ्यावर त्याची छाया असे. वॉचमनकडून त्या एकच शब्द शिकल्या होत्या, खलास. चहा संपला, खलास. औषध घेतलं, खलास. आणि कधी कधी काहीच संपलेलं नसताना, खिडकीकडे बघून, अगदी हलक्या आवाजात, खलास. मला ते ऐकवत नसे. मी उगाच काहीतरी शाळेतलं सांगत सुटे.

हिवाळ्यात मात्र एक सकाळ अशी आली, की रात्रीतून समुद्रावरचं धुकं आत शिरलं आणि समोरचे मनोरे, रस्ते, क्रेन सगळं पुसून गेलं. रविवार होता म्हणून मी सकाळीच वर गेले होते. मिलादाबाईंनी स्वतः उठून पडदा पूर्ण सारला. खिडकीच्या काचेला कपाळ टेकून त्या उभ्या राहिल्या, आणि त्या धुक्याकडे बघत त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्या जाडजूड पुस्तकात नव्हती.

बीटच्या शेताचं एक चित्र त्यांनी आईला समोर ठेवून काढलं होतं. धुकं, चिखल, वाकलेल्या बायका, आणि सगळ्यांत पुढे, क्षणभर पाठ सरळ करायला उभी राहिलेली आई. तोंड मिटलेलं, डोळे कुठेच न बघणारे. संघटनेच्या निवड समितीतल्या माणसांना चित्र आवडलं. फक्त त्यांनी विचारलं, ही बाई हसत का नाही? आपल्या शेतात राबणारी बाई दुःखी आहे, असं तुम्हाला म्हणायचंय का? मिलादाबाई तेव्हा तरुण होत्या, पोटात इरेना होती, आणि चित्र परत आलं असतं तर पुढच्या फळ्याही बंद झाल्या असत्या. त्यांनी एका दुपारी घाईघाईनं आईच्या ओठांवर हसू काढलं. चित्र गावच्या सभागृहात लागलं. आई बघायला आली, डोक्याचा रुमाल सारखा करत बराच वेळ उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "मी अशी हसते होय?" त्याच हिवाळ्यात ती गेली. तिचं दुसरं चित्र नाही, फोटो तर नाहीच.

"ते हसू मला पुसायचंय," मिलादाबाई काचेला टेकूनच म्हणाल्या. "इतकी वर्षं जमलं नाही. फळी आधी समितीवाल्यांच्या भिंतीवर, मग गॅलरीवाल्यांच्या चौकटीत. आणि आता इरेना म्हणते, हात लावू नकोस."

इरेनाचंही चूक नव्हतं. ती फळी आता त्यांच्याच देशातलं एक मोठं संग्रहालय घेत होतं, अर्थात मागची बाजू, करडे चौकोन. प्रागच्या गॅलरीतून फळी ज्या पेटीत आली ती पेटी इरेनाच्या घरी कोठीच्या खोलीत तशीच खिळे मारून पडली होती. जायच्या आधी फक्त तिला नवी चौकट करायची होती. संग्रहालयात गेली की ती भिंतीवर कायमची लागणार, आणि शेतातल्या त्या आईचं तोंड भिंतीकडे जाणार. मिलादाबाईंचं नाव जपलं जावं म्हणून इरेना धडपडत होती. शिवाय मिलादाबाईंचे डोळे आता अधू झाले होते. नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग वाढत चालला होता, आणि डॉक्टरांनी तो थांबणार नाही असं स्वच्छ सांगितलं होतं. अशा बाईच्या हातात विकलेलं चित्र कोण देईल? धुकं विरलं, मनोरे पुन्हा उभे राहिले, आणि मिलादाबाईंनी पडदा ओढून घेतला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "फार उशीर झाला." मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

चौकटीसाठी बशीरभाईंचं नाव मीच सुचवलं होतं. आमच्या शाळेच्या प्रदर्शनाच्या चौकटी तेच करतात. मूळचे दापोलीकडचे, अल कुसैसच्या कारखान्यांच्या वस्तीत त्यांचं दुकान; कुराणातल्या आयतींपासून डॉक्टरांच्या पदव्यांपर्यंत आणि गावाकडच्या घराच्या वास्तुशांतीच्या फोटोपासून शेखसाहेबांच्या तसबिरीपर्यंत सगळं तिथे एकाच श्रद्धेनं काचेत बसतं. इरेनानं माणसाकरवी पेटी पाठवून दिली, माप आणि लाकूड फोनवर सांगितलं. काम झाल्याचा निरोप आला त्या दुपारी मिलादाबाई म्हणाल्या, मला घेऊन चल, एकदा तिच्याजवळ उभी राहते, मागून तर मागून. मी गाडी काढली.

दुकानात भुशाचा आणि सरसाचा वास होता. बशीरभाईंनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला आणि भिंतीला टेकवलेल्या चौकटीवरचं कापड मोठ्या ऐटीत ओढलं.

समोर बीटचं शेत होतं. धुकं होतं, चिखल होता, वाकलेल्या बायका होत्या, आणि त्यांच्या पुढे पाठ सरळ करून उभी असलेली एक बाई दात दाखवून हसत होती.

"काम खलास केलंय बघा, ताई. एकदम फर्स्ट क्लास," बशीरभाई म्हणाले. "मागच्या बाजूला कुणीतरी ब्रश पुसून ठेवले होते, नुसता रंगच रंग. मी म्हटलं, असं कशाला दाखवायचं? वरून ब्राऊन पेपर लावून पॅक करून टाकलं. आता कुणाला दिसणार नाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. "बशीरभाई, अहो ते चित्र आहे! मागचंच. विकलं गेलंय ते."

"मग हे काय आहे?"

"हेही चित्रच."

बशीरभाई मटकन स्टुलावर बसले. "ताई, आपला साधा हिशोब. हार्डबोर्डची गुळगुळीत बाजू ती तोंडाची, जाळीची बाजू ती पाठीची. आजवर कधी चुकलो नाय. आणि इकडं तर माणसं आहेत! माणसं सोडून कोण भिंतीकडे तोंड करील?" मग लगबगीनं उठत म्हणाले, "पेपर फक्त चौकटीला चिकटवलाय, रंगाला लागला नाय. पाच मिनिटांचं काम. यल्ला, चला, आत्ता फिरवून देतो."

मिलादाबाईंनी हात वर केला. त्यांना आमचं मराठीतलं बोलणं कळलं नव्हतं, पण समोर काय आहे ते कळलं होतं. त्या खुर्चीतून उठल्या, चित्रापाशी गेल्या आणि मान किंचित वळवून, तिरप्या, चित्राच्या कडेकडे बघत राहिल्या. कारण ज्याला बघायचं त्याच्याकडे सरळ बघितलं की तोच नेमका त्या राखाडी डागात बुडायचा.

"हसतेय?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"अजून?"

बशीरभाईंच्या टेबलावर पुठ्ठा कापायचं पातळ पातं पडलं होतं. मिलादाबाईंनी ते चाचपून उचललं, आणि दुसऱ्या हाताची तर्जनी माझ्यापुढे धरली. हे बोट तिच्या ओठांवर ठेव, म्हणाल्या. विकलेलं चित्र, अधू डोळे, इरेनानं माझ्यावर टाकलेला विश्वास. सगळं एकदम समोर उभं राहिलं. मी म्हटलं, हे चित्र आता आपलं नाही. "त्यांनी ती बाजू घेतलीय," मिलादाबाई शांतपणे म्हणाल्या. "ही त्यांना नको आहे."

मी ते बोट धरलं. हाडाहाडाचं, गार बोट. ते नेऊन त्या हसऱ्या तोंडावर ठेवलं.

"ताई, लफडं तर नाय ना होणार?" बशीरभाईंनी हळूच विचारलं.

"होईल कदाचित."

त्यांनी एकदा मिलादाबाईंकडे पाहिलं, एकदा त्या चित्रातल्या बाईकडे, मग बाह्या सारून चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मग फळी हलता कामा नये," म्हणाले.

घाईनं काढलेलं ते हसू सुकलेल्या रंगावर नुसतं चिकटून राहिलेलं होतं. पात्याचं टोक आत जाताच त्याचे पापुद्रे सुटू लागले, गुलाबी, पांढरट, तांदळाच्या कण्यांएवढे. मिलादाबाई बघत नव्हत्याच. डावं बोट वाट दाखवत होतं आणि उजवा हात मागून येत होता, आणि जो हात चहाचा कप उचलताना थरथरायचा तो आता एखाद्या निजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून माशी उडवावी इतक्या जपून चालला होता. बाहेर ट्रक मागे घेणाऱ्याचा पुकारा चालू होता, चहावाला ग्लास ठेवून गेला, चहावर साय धरली.

मग त्या थांबल्या. बोटाच्या पेरानं त्यांनी ओठ पुन्हा चाचपले. खाली जुना रंग होता. मिटलेले, कोपऱ्यांशी जरा खाली ओढलेले ओठ तिथेच, तसेच होते. इतकी वर्षं ते त्या हसण्याखाली गप्प राहिले होते.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"तोंड मिटलंय."

"दमलेली दिसते?"

"खूप."

त्यांनी श्वास सोडला. "हो," त्या म्हणाल्या. "हीच ती."

नंतर त्या तिथेच खुर्चीत बसल्या आणि मुलासारख्या हमसून रडल्या. बशीरभाई दुकानाच्या दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. रडणं ओसरल्यावर बशीरभाईंनी मागचा कागद उकलला, फळी उलटी करून चौकटीत बसवली, आणि करडे चौकोन समोर आल्यावर मान वाकडी करून पुष्कळ वेळ बघितले. "आजींनी केलंय म्हणजे चांगलंच असणार," ते दिलगिरीनं म्हणाले. शेताच्या बाजूला त्यांनी नवा, कोरा कागद लावला. तो लावताना त्यांनी आईच्या चेहऱ्यापाशी हात क्षणभर थांबवला, इतकं मी पाहिलं.

संध्याकाळी इरेनानं विचारलं, चौकट ठीक झाली का. मिलादाबाई म्हणाल्या, छान झाली. मीही मान डोलावली. त्या दिवसापासून त्या पडदा अर्धाच ओढायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात, बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते अशा दमट आठवड्यात, मिलादाबाई गेल्या. इरेना आईचा देह घेऊन मायदेशी परतली आणि तिकडेच राहिली. वरच्या घरात आता दुसरं कुटुंब आलंय. दाराबाहेर लहान मुलाची सायकल असते आणि दुपारभर खेळण्यांचा खळखळाट ऐकू येतो. इरेनानं मध्ये संग्रहालयातला फोटो पाठवला होता. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर करडे चौकोन, तो इवलासा लाल ठिपका, आणि समोर हात मागे बांधून उभी असलेली माणसं, शूर बाईचं सत्य आदरानं न्याहाळणारी. मी तो फोटो मोठा करून पाहते तेव्हा माझी नजर चौकोनांवर ठरत नाही, ती फळी आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर अंधारात शिरते. काळ माणसं नेतो, गावं नेतो, धुकंही ठेवत नाही. पण तिथे, कुणालाच कधी दिसणार नाही अशा ठिकाणी, चिखलात पाठ सरळ करून एक दमलेली बाई उभी आहे, आणि तिला आता कुणी हसायला सांगणार नाही.